अजिंठा ते धावडा, एक बॅग कमी

बॅग नेमकी कुठं पडली ते मला आजही सांगता येणार नाही. शिवन्यात चहाला थांबलो तेव्हा ती होती, कारण कप टेकवायला मी तिचाच टेबल केला होता. धावड्यात मामांच्या स्टुडिओसमोर गाडी स्टँडवर लावली, सवयीनं मागे हात नेला आणि हाताला नुसतं तापलेलं सीट लागलं. हुकवाल्या दोन रबरी दोऱ्यांपैकी एक कॅरिअरला लोंबत होती, दुसरी बॅगेबरोबरच गेलेली. ट्रायपॉड तेवढा शाबूत, कारण तो बाजूला वेगळा आवळलेला.

खंडेनवमीचा दिवस होता. मामांनी दुकान धुऊन घेतलं होतं आणि पाटावर हत्यारं मांडायचं चाललं होतं. कात्री, फोटो कापायचं कटर, जुना फ्लॅश. लॅमिनेशनचं मशीन पाटावर मावत नव्हतं म्हणून शेजारी वर्तमानपत्रावर. मधोमध याशिका मॅट, वरून मान खाली घालून बघायचा तो दोन भिंगांचा कॅमेरा. हाताळून हाताळून त्याच्या कडांचा काळा रंग उडालाय, आतला धातू चमकतो, एका बाजूचं कातडं फेव्हिकॉलनं चिकटवलेलं. मामा त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवत होते. कुंकू भिंगावर सांडू नये म्हणून डाव्या हातानं भिंगापुढं रुमाल धरलेला.

"मामा, बॅग पडली."

बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "आधी पाणी पी. मग निघू."

निघालो. मी हळू चालवत होतो, मामा मागे बसून एका अंगाची चारी बघत होते, मी दुसऱ्या अंगाची. कपाशी फुटायला लागलेली, मका बऱ्याच ठिकाणी निघालेला. प्रत्येक पुलापाशी, प्रत्येक टपरीशी थांबून मामा एकच प्रश्न विचारायचे. "काळी पिशवी पाह्यली का, कॅमेऱ्याची?" कुणी पाहिली नव्हती. एकानं चपलेचा जोड पाहिला होता. शिवन्यापर्यंत गेलो, अंधारात परत आलो. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो आणि मग जे बोलणं झालं ते इथं मांडतो. दोघंही आपापल्या जागेवरून फारसे हललो नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

"काय काय होतं त्यात, नीट सांग."

"डिजिटल कॅमेरा, दोन लेन्सा, तीन कार्डं, चार्जर, फिल्टरं. आणि बाबांचा एफएम-टू."

"दाजींचा?" मामा थोडे थांबले. "तो कामून घेऊन फिरत होतास?"

निकॉनचा एफएम-टू १९८२ साली बाजारात आला. बाबांनी तो पाच वर्षांनी मुंबईत, बोरा बाझारातून, वापरलेला घेतला होता. पन्नास एमएमची लेन्स त्याच्यावरच आली. पुढं तिच्या कडेला बुरशीचा एक धागा उगवला, कोळ्याच्या जाळ्याएवढा, पण फोटोत तो कधी दिसला नाही. या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक. सेल फक्त प्रकाश मोजायला लागतो, सेल मेला तरी कॅमेरा मरत नाही. बाबा म्हणायचे, हा बैलगाडीसारखा आहे, याला पेट्रोल लागत नाही.

"फिरायला काय हरकत आहे? कॅमेरा घरी ठेवायचा असतो का?"

"घरी ठेव म्हणत नाही. बांधून ने म्हणतो. रबरानं बांधलं होतंस ना? रबर म्हणजे बांधणं नाही, भाऊ. रबर म्हणजे धरून ठेवल्यासारखं करणं."

इथं मामांनी मला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं, आणि ते कुठल्याही प्रवासवर्णनापेक्षा कामाचं होतं. हुकवाली दोरी ताणलेली असते तोवर हुक पाइपला घट्ट असतो. गाडी खड्ड्यात गेली की बॅग खाली दबते, क्षणभर दोरी सैल पडते, आणि त्याच क्षणात हुक सुटायला मोकळा. वर नायलॉनची बॅग आणि रेग्झिनचं सीट, दोन्ही गुळगुळीत, बॅग इंच इंच सरकतच असते. याउलट सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी काप. ती ताणली तर जातेच, पण अंगाला चिकटतेही. तिला हुक नसतो, गाठ असते, आणि ताणानं गाठ आणखी आवळते. "आमच्याकडं खताची गोणी, बकरीचं पिल्लू, गॅसची टाकी, सगळं ट्यूबवर जातं. कधी पडलेलं ऐकलं? आणि सगळ्यात मोलाचं ते मागे बांधायचंच नाही. अंगावर घ्यायचं. बायका पैसे कुठं ठेवतात?"

"पाठीवर घेतलं की दोन तासांत खांदे जातात. आणि घसरून पडलो तर कॅमेरा पाठीच्या कण्यात घुसतो, त्याचं काय?"

"मग पोटाशी घे."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी विम्याचं काढलं. डिजिटलचा विमा होता, पण चोरी वेगळी, मोडतोड वेगळी आणि स्वतःच्या हलगर्जीपणानं हरवणं वेगळं. ते तिसरं कागदावर बसेल याची मला खात्री नव्हती. मामा हसले. दुकानात फोटोपेक्षा जास्त गर्दी पीकविम्याचे फॉर्म भरायला होते, त्यामुळं विमा या विषयावर त्यांचं मत गावात सगळ्यांना पाठ आहे. मी त्यांना कायदाही सांगितला. १८७२ च्या करार कायद्याचं ७१ वं कलम म्हणतं की दुसऱ्याची हरवलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली त्यानं ती ठेव सांभाळावी तशी सांभाळायची. सांभाळायला झालेला खर्च मालक देत नाही तोवर त्याला वस्तू अडवून ठेवता येते, बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यावर दावाही सांगता येतो.

"म्हणजे कोंडवाड्यासारखं," मामा म्हणाले. "चारापाण्याचे पैसे द्या, म्हैस घेऊन जा. ठीकाय. पण म्हशीला मालक ओळखतो, म्हैस मालकाला ओळखते. तुझी बॅग कुणाला ओळखते?"

"ओळखते. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात आपला नंबर लिहून ठेवतो. उद्या कुणी त्यानं फोटो काढून इंटरनेटवर टाकला तर सापडू शकतो."

"आणि दाजींचा?"

"त्याचा नंबर फक्त पाठीवर कोरलेला."

मामांनी तंबाखू मळायला घेतली. मग ते म्हणाले, आणि माझ्या मते इथूनच खरं भांडण सुरू झालं, "हे बघ, वाईट वाटतं ते मान्य. पण ती वस्तू आहे. वस्तू जाते."

"हे तुम्ही म्हणता? दुपारी कुंकू लावत होतात ते कुणाला?"

"हत्याराला. पूजा हत्याराची असते, वस्तूची नाही. शेतकरी नांगराची करतो, गोदामातल्या लोखंडाची करत नाही. जे काम करतं त्याची पूजा."

"याशिकात शेवटचा रोल कधी भरलात?"

मामा तंबाखू मळत राहिले. बराच वेळ. चुना जास्त झाला असावा.

खरं तर त्या दिवशी मी अजिंठ्याहून येत होतो, आणि गेलो होतो तोही असल्याच एका नुकसानीच्या मागावर. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला त्याला १८४४ मध्ये नेमलं आणि तो अजिंठ्यातच राहिला. वाघांचं रान, हिवताप, वटवाघळांनी भरलेल्या गुहा आणि त्यात तेलरंगात मोठमोठे कॅनव्हास. होतील तसे ते विलायतेला रवाना व्हायचे. त्याच्या आणि पारूच्या प्रेमाची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. ना. धों. महानोरांनी तिच्यावर काव्य लिहिलं, नितीन देसाईंनी २०१२ मध्ये सिनेमा काढला. पारू गेली १८५६ च्या मे महिन्यात, तिची कबर अजिंठा गावात आहे. गिल १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला. पण गोष्टीतला मला खुपणारा भाग वेगळाच आहे, तोच मी मामांना सांगितला. गिलच्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ ला तिथं आग लागली. मांडलेलं सगळं गेलं. प्रदर्शनात नव्हते ते मोजके चार-पाच कॅनव्हास उरले.

"वीसेक वर्षांचं काम," मी म्हणालो.

"हे मला माहीत नव्हतं. सिनेमात पारूच लक्षात राहते."

"पुढं ऐका. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पोरं घेऊन. तेरा वर्षं खपून पुन्हा नकला केल्या. त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. पुढं एक जपानी चित्रकार आला, काम्पो अराई. त्याच्या नकला तोक्योत होत्या. १९२३ चा भूकंप झाला, त्यात त्याही संपल्या."

मामांनी तंबाखू तोंडात टाकली आणि मग त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलेलं मला चेहऱ्यावर दिसलं. "म्हणजे ज्या गुहेत पाणी झिरपतं, वटवाघळं हागतात, तिथली चित्रं राहिली. आणि सांभाळायला म्हणून जिथं पाठवली, तिथली जळाली."

"हो."

"आणि गिलचं काय राहिलं?"

"फोटो. तो पुढं फोटोग्राफी शिकला. दोन डोळ्यांनी बघायचे, खोली दिसणारे फोटो. फर्ग्युसन नावाच्या स्थापत्याच्या अभ्यासकाबरोबर त्याची पुस्तकं निघाली लंडनला, १८६४ मध्ये."

"आगीच्या आधी दोन वर्षं."

"हो."

"मग झालं की. एकच होतं ते जळालं. वाटलं गेलं ते उरलं. भाचेबुवा, तुम्ही तर माझ्याच बाजूनं बोलताय."

मी म्हणालो, नाही, मी त्या माणसाच्या बाजूनं बोलतोय. पुस्तकं उरली म्हणून गिलला कॅनव्हास जळल्याचं दुःख कमी झालं असेल का? आपण दीडशे वर्षांनी हिशेब मांडतो, त्यात त्याचं आयुष्य वजा करतो. मूळ चित्रं भिंतीवर आहेत, फोटो पुस्तकात आहेत, मग गेलं काय? त्याचे हात गेले. एका रेषेपाशी तो आठ दिवस बसला असेल, ते आठ दिवस गेले. बाबांच्या कॅमेऱ्याच्या अंतराच्या कड्यावर रबराचे दाते एका जागी झिजले होते, त्यांचा अंगठा जिथं यायचा तिथं. माझा अंगठा आपोआप तिथंच जायचा. याची प्रत कशी काढणार आणि कुणाला वाटणार?

मामा म्हणाले, "ते खरंय." मग लगेच, "पण मी तुला माझं सांगतो."

मामांच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीचा पत्रा एका पावसाळ्यात गळला. लाकडी कपाटात पंचवीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या. धावडा, वालसावंगी आणि आसपासच्या वस्त्यांवरची लग्नं, बारशी, शाळांचे निरोपसमारंभ, सरपंचांचे सत्कार. निगेटिव्हच्या अंगावर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की चिकट होतो. आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि कपाट उघडलं तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे एकमेकांना चिकटून विटांसारखे झाले होते. सोडवायला गेलं की चित्र पट्टीवरून सोलून निघायचं. मामांनी ते दोन पोत्यांत भरलं.

"मी तेव्हा दोन दिवस जेवलो नाही. तुझ्या मामीला विचार. मग महिनाभरात एक पोरगा आला. बाप गेलेला, फ्लेक्सला फोटो पाहिजे. घरात एकसुद्धा नाही, आधारवरचा होता तो भुतासारखा. माझ्याकडं निगेटिव्ह होती, पण ती विटेत. मग आठवलं, अमक्याच्या लग्नात हा बाप पंगतीत वाढत होता. त्या घरी गेलो, अल्बम उघडला. होता. हातात बुंदीचं पातेलं, वर बघून हसतोय. तेवढा चेहरा काढला, फ्लेक्स झाला. तेव्हापासून असं सात-आठ वेळा झालंय. माझं कपाट बुडालं, पण गाव बुडालं नाही. घराघरात माझे अल्बम आहेत. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या फळीवर, लेकी सासरी घेऊन गेल्यात ते निराळे. मी काही सांभाळत नाही आता. ते सांभाळतात."

ही गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती. मला ती आवडली, आणि आवडली म्हणूनच थोडा राग आला, कारण ती माझ्याकडं वळणार हे दिसत होतं.

"आजीचा फोटो काढला होतास," मामा म्हणाले. "दोन वर्षं झाली. चुलीपुढं. पाठवतो म्हणाला होतास."

"तो आहे, मामा. तो बॅगेत नव्हता. पुण्यात हार्डडिस्कवर आहे, दोन ठिकाणी. तो हरवलेला नाही."

"माझ्या घरात आहे का?"

"नाही, पण..."

"मग माझ्यासाठी तो आजच्या बॅगेतच होता म्हण की."

मी वाद घातला. म्हणालो, हरवणं आणि न पाठवणं यात फरक आहे, एक चूक दुरुस्त होते, दुसरी होत नाही. म्हणालो, आता लोकांच्या फोनमध्येच हजारो फोटो असतात, कुणाला कसला प्रिंट हवाय. मामांनी आत बोट दाखवलं. भिंतीवर आजीच्या नावाची जागा रिकामी नव्हती, तिथं मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. मामांनीच केलेला. फोटोग्राफरच्या घरात.

एक गोष्ट मात्र मामांच्या हिशेबात बसत नव्हती. एफएम-टूमध्ये रोल होता. छत्तीसपैकी बावीस फोटो काढून झालेले, त्यात पारूच्या कबरीचे सहा आणि त्याच्याआधी घरातले काही. न धुतलेल्या फिल्मवर चित्र असतं, पण ते अजून कुणी पाहिलेलं नसतं. प्रकाश पडलाय, चांदीच्या कणांनी तो धरून ठेवलाय, रसायनात घालेपर्यंत ते असंच झाकलेलं राहतं. त्याची प्रत नाही, हार्डडिस्क नाही, शेजाऱ्याचा अल्बम नाही.

"याचं वाटप कसं करणार होतो, सांगा. हे अजून फोटोच झालेलं नाही."

मामा विचारात पडले. मग एकदम म्हणाले, "आणि ज्याला सापडेल तो झाकण उघडून बघणार."

मला हे सुचलंच नव्हतं. प्रामाणिक माणूसच आधी उघडणार, आत नाव-पत्ता आहे का बघायला. मागचं झाकण उघडलं, उजेड शिरला, की गेलं. चोर कदाचित न उघडता विकेल.

"चोरालाच सापडू दे मग," मामा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो, त्या दिवसात पहिल्यांदा.

मी त्यांना रॉबर्ट कापा या युद्धाचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरच्या निगेटिव्हची गोष्ट सांगितली. स्पेनच्या युद्धाचे फोटो, तीन खोकी, साडेचार हजारांच्या आसपास निगेटिव्ह. १९३९ मध्ये पॅरिस सोडताना कापाच्या हातून त्या मागे राहिल्या. मेक्सिकोत कुणाच्या तरी सामानात पडून होत्या. न्यूयॉर्कला पोहोचल्या २००७ मध्ये.

"अडुसष्ट वर्षं," मामांनी बोटांवर मोजलं. "तेवढं थांबायला मी नाही. तू बघ."

सकाळी उठलो तर मामा दुकानात नव्हते. देवळाच्या भोंग्यावरून दसऱ्याच्या शुभेच्छा झाल्या आणि मागोमाग मामांचा आवाज आला. शिवना ते धावडा रस्त्यावर काळ्या रंगाची कॅमेऱ्याची बॅग पडलेली आहे, सापडल्यास स्टुडिओवर आणून द्यावी, योग्य बक्षीस मिळेल. मग भोंगा बंद होईल असं वाटलं. झाला नाही. "एक विनंती. त्यातल्या जुन्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडू नये. कृपया कुणीही झाकण उघडू नये." हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्याच मजकुराचा एक फ्लेक्सही दुपारपर्यंत तयार होता, लाल अक्षरांत झाकणाचं वाक्य बॅगेच्या वर्णनापेक्षा मोठं. रात्री "वस्तू आहे, वस्तू जाते" म्हणणारे तेच हे मामा. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "रोल वस्तू नाही."

ठाण्यात जाऊन गहाळची नोंद केली. कॅमेऱ्यांचे नंबर मी जुन्या बिलाच्या फोटोवरून दिले. लिहून घेणाऱ्यांनी एफएम-टूची आजची किंमत विचारली. मी काहीतरी आकडा सांगितला.

संध्याकाळी आपट्याची पानं देऊन झाली आणि मी निघायची तयारी केली. मामींनी शेतातल्या हिरव्या मिरच्या दोन-अडीच किलो पिशवीत घातल्या. मी ती हँडलला अडकवायला लागलो तर मामांनी हातातून घेतली. दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणली, कात्रीनं, आदल्या दिवशी कुंकू लावलेल्या त्याच कात्रीनं, तिची लांब पट्टी कापली. पिशवी सीटवर जिथं बॅग होती तिथं ठेवली, कॅरिअरच्या पाइपखालून तीन वेढे घेतले, प्रत्येक वेढ्याला पाय लावून ताण दिला आणि गाठ मारली. मग दोन्ही हातांनी पिशवी धरून गाडी गदागदा हलवली. गाडी हलली, पिशवी हलली नाही.

"जा आता," मामा म्हणाले. "किती खड्डे घ्यायचे ते घे."